दुर्गीने नदी ओलांडली तो तान्हा पोळा

दुर्गी गेल्याचा निरोप तिच्या नातवाने आणला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. निवडून झाले, मग उठले. दुर्गी माझी चुलत बहीण, माझ्याहून थोडी मोठी. लग्नानंतरचा सगळा जन्म तिने कामठीच्या पुढे, कन्हान नदीच्या पैलथडीच्या गावात काढला. तेराव्याला आलेले लोक तिला सोशिक म्हणत होते. सोशिक नव्हती. हट्टी होती.

मध्यप्रांताच्या दिवसांतली गोष्ट. त्या गावात तिची सोयरीक ठरली होती. मुलगा तिने दाराआडून पाहिला होता आणि तो तिला आवडला होता... तेवढ्यात त्याच गावच्या घाटावर वऱ्हाडाची नाव उलटली. नवरीसकट पुष्कळ माणसं गेली. नागपुरात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. काका, म्हणजे दुर्गीचे वडील, म्हणू लागले, "ज्या पाण्यानं नवरी नेली, त्या पाण्यावरून माही पोरगी जाणार नाही."

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीला सगळं नागपूर इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला गेलं आणि आम्ही बैलगाडीत बसून नाव बुडाली ती जागा पाहायला. काकांना एकदा डोळ्यांनी पाहून मुलाकडे नकार कळवायचा होता. आम्हा पोरांना मात्र सहलच. काकीने पुऱ्या आणि भाजी बांधून घेतली होती. घाटावर आमच्यासारखे बरेच आलेले. फुटाणेवाले, भजीवाले बसलेले. एक माणूस हात लांब करून सांगत होता, नाव कुठे फिरली, नवरीचा शालू कुठल्या बाभळीला अडकला. लोक हळहळायचे आणि आणखी भजी घ्यायचे. मीही खाल्ली. चांगली होती.

"पाह्यलं ना आता? चला वं, जेवून घ्या," काकी म्हणाली. पानं मांडली तर दुर्गी नाही. नदीकडे पाहिलं तर ती नावेत, पार मध्यावर, आणि नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. काका पाण्याच्या कडेपर्यंत धावत गेले. काकीने तर डोळेच मिटून घेतले. नाव पलीकडे लागली. दुर्गी उतरली, गावाकडे थोडी चालून गेली आणि त्याच नावेने परत आली.

काकांनी हात उगारला. ती म्हणाली, "मारा. पण पाण्यानं मले नेलं नाही."

"पाण्याचं जाऊ दे वं," काकी कपाळाला हात लावून म्हणाली. "लग्नाआधी सासरच्या शिवेत पाय ठेवून आली तू. एवढ्या लोकांनी पाह्यलं. आता तुले दुसरीकडं कोण करून घेईन?"

"म्हणूनच ठेवला," दुर्गी म्हणाली आणि पुरी उचलली.

काका वाटभर बैलांवर ओरडत राहिले. नकार कळवायचा राहूनच गेला. मार्गशीर्षात लग्न झालं आणि दुर्गी त्याच घाटावरून सासरी गेली.

पुढे ती माहेरी आली की आम्ही दोघी अंगणात बसायचो. एकदा मी विचारलं, "तुले भेव नाही वाटलं काय वं?"

"वाटलं ना. पण मानूस चांगला होता."

माणूस खरंच चांगला होता. हातचं राखून बोलायची मला सवय नाही, वाईट असता तर तसं लिहिलं असतं.

तेराव्यानंतर तिच्या सुनेने मला तिची खोली दाखवली. कोनाड्यात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. "दर तान्ह्या पोळ्याले नदीत सोडायच्या," सून म्हणाली. "त्या बुडालेल्या नवरीच्या नावानं. यंदाच्या आधीच आणून ठेवल्या होत्या."

मी एक घालून पाहिली. माझा हात आता वाळून काडी झाला आहे, तरी ती बोटांच्या पुढे सरकेना. त्या नवरीचं माप कुणाला ठाऊक असणार... दुर्गीने आपलंच धरलं असावं, नावेत बसली त्या दिवशीचं.