वहिनीचे उपास

"जेवण कधीपासून कमी झालंय?" डॉक्टरांनी विचारलं. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. 

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "अन्ननलिकेत गाठ आहे. कॅन्सरच वाटतो. पाणीसुद्धा जेमतेम उतरत असेल. बाई कित्येक महिने उपाशी आहेत आणि घरात कुणाला पत्ता नाही?"

पत्ता कसा नाही? वहिनी उपाशी असते हे तर आमच्या अख्ख्या चोपडे गावाला ठाऊक होतं. तेच आम्हाला नडलं.

आमच्याकडे नवसाला आंगवण म्हणतात. गावात कुणी आजारी पडलं की वहिनी त्याच्या नावाने आंगवण करायची आणि आठवड्यातला एक वार धरायची. खाडीवर मासळी विकणाऱ्या रुक्माच्या नवऱ्याला कावीळ झाली, तेव्हा सोमवार. रस्त्याच्या कामावर कोल्हापूरकडून आलेल्या एका बाईचं बाळंतपण अडलं, तेव्हा गुरुवार. आजारी माणूस बरा होऊन मासे खायला लागायचा, वहिनीचा वार मात्र सुटायचा नाही. घरात आम्ही थट्टा करायचो की देवाने हिच्यासाठी आठवड्याला आणखी दोन वार जोडावेत.

नुसते नवस बोलून स्वस्थ बसणारी ती नव्हतीच. पहाटे पेजेचा डबा घेऊन फेरीबोटीने शिवोलीला उतरायची, तिथून बस बदलत इस्पितळात. कुणाच्या उशाशी बसायची, म्हणजे त्याच्या घरच्यांना भाताच्या लावणीला जाता यायचं. तिथल्या आया तिला नावाने ओळखत. मला आई आठवत नाही. दादाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो, पुढचं सगळं तिनेच केलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही, पण त्यावर तिला बोलताना मी कधी ऐकलं नाही.

दादा डिचोलीच्या खाणीवर कामाला होता, शनिवारी घरी यायचा. वहिनी त्याच्यासमोर ताट सरकवायची.

"तू बसत नाय?"

"आज माझो उपास. तू जेव."

दादा जेवायचा. मीही जेवायचो. कधीतरी रविवारी मी विचारलं, "वयनी, आज कोणाचो वार गो?" तर म्हणाली, "तुका कशाक रे ती पंचायत?" घास उतरत नाही हे तिला कळलं होतं. आधी भाकरी अडली, मग भात, मग पेज. सांगितलं असतं तर आम्ही कामधंदा सोडून तिच्यामागे धावलो असतो, आणि ते तिला नको होतं. मला तिचा राग येतो तो अजून ह्याच गोष्टीचा.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. घास छातीशी अडकतोय असं कुणी एकदा जरी म्हणालं, तरी थांबू नका. आणि म्हणत नसेल, तर त्याच्या ताटाकडे बघा.

मग तपासण्या सुरू झाल्या. बेरियम स्वॉलो आधीच झाली होती. त्यात खडूच्या पाण्यासारखं औषध पाजतात आणि ते कुठे अडतं ते एक्स-रेत पाहतात. नंतर एंडोस्कोपी, म्हणजे दिव्याची नळी घशातून आत घालून बघणं. बायोप्सी म्हणजे गाठीचा कण काढून तपासायला पाठवणं. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाकावर बसून असायचो. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला ते वर्ष होतं. बाकावर माणसं कोकणी की मराठी ह्यावरून हमरीतुमरीवर यायची आणि आतून नाव पुकारलं की गप्प व्हायची.

डॉक्टरांनी दादाला बाजूला घेतलं. "गाठ पसरली आहे. काढता येणार नाही. गॅस्ट्रॉस्टॉमी करू, पोटाला छिद्र पाडून नळी बसवू. पातळ अन्न थेट जठरात जाईल. आजार बरा होणार नाही, पण उपासमार थांबेल."

वहिनी ऐकेना. "पोटाक बुराक पाडून जेवचा? माका नाका."

दादा रडला, मी भांडलो. काही उपयोग झाला नाही. शेजारच्या खाटेवर बेळगावकडची बांधकामावरची एक बाई होती. तिलाही हीच नळी घालायची होती आणि ती भीतीने थरथरत होती. वहिनी दोन दिवस तिच्याकडे बघत राहिली. मग तिला म्हणाली, "आधी मी करून घेतंय. दुखला नाय तर तू कर." आमच्यासाठी नाही, पण त्या परक्या बाईसाठी ती तयार झाली.

दुखलं. पण त्या बाईला तिने तसं सांगितलं नाही.

घरी आणल्यावर पेज गाळून नळीतून सोडायचं काम माझं. तोंडाला चव नाही, जिभेला काम नाही, तरी ती विचारायची, "मीठ घातलंय मा?" मी घालायचो.

एका सोमवारी रुक्मा आली. खाटेशी बसली आणि म्हणाली, "वयनी, मी तुमच्यासाठी सोमवार धरलंय. पाण्याचो थेंब घेवचंय नाय."

वहिनी इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. आवाज निघत नव्हता, तरी मला ताट वाढायला लावलं. उकड्या तांदळाचा भात, आमटी, लोणच्याची फोड. "माझ्यासमोर जेव."

"आंगवण मोडतली. देव रागावलो तर?"

"रागावलो तर माझ्याकडे धाड. मी आता तेच्याकडेच जातंय."

रुक्मा रडत रडत जेवायला लागली. वहिनी उशीला टेकून बघत होती. रुक्माने घास तोंडात घातला की वहिनीचे ओठ मिटायचे आणि तिने गिळला की वहिनीच्या गळ्याची शीर वर-खाली व्हायची. ताट संपेपर्यंत असंच चाललं. मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "मी बरा जेवलंय आज."

थोड्याच दिवसांत ती गेली. आमच्यात वहिनीचे आभार मानायची पद्धत नाही, म्हणून मीही मानले नाहीत. आज हे लिहिलं.