ओटीपी कोणाच्या फोनवर येतो

तिसऱ्यांदा बटण दाबलं. वंदनाने फोन हलवून पाहिला, स्क्रीन पुसून पाहिली. मेसेज नाही.

"रेंज तर फुल्ल आहे, मॅडम," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. तिच्या गावच्या दूध सोसायटीचे सचिव बापूराव बोलत होते. आवाज इतका मोठा की काउंटरच्या आतल्या बाजूला मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"वंदे, बँकेत बसलीस का? तुझे आकडे आलेत माझ्या फोनवर. एकदा न्हाई, तीनदा आलेत. वाचून दाखवू का?"

मी हात आडवा केला. वंदना म्हणाली, "नको काका, थांबा जरा," आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून हसली. "गावात सगळ्यांचे तिकडंच येतात, मॅडम. त्यात काय विशेष नाही."

मी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले. तिचं विमान अकरा दिवसांनी होतं.

केजच्या शाखेत माझं दुसरं वर्ष चालू होतं. परदेशी जाणाऱ्या खातेदाराची फाईल शाखेत पहिल्यांदाच आली होती. कोणी घेईना म्हणून ती माझ्या टेबलावर आली. वंदना मेंढपाळाच्या घरची. शाळा गावात, नर्सिंग अंबाजोगाईला, तिथेच एका खाजगी हॉस्पिटलात चार वर्षं नोकरी. परीक्षा देऊन आता तिला आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली होती. पहिले काही आठवडे राहायला खोली हॉस्पिटल देणार होतं. पण पहिला पगार हातात पडेपर्यंत महिना-दीड महिना तिला स्वतःच्या पैशावर काढायचा होता.

"तिथे गेल्यावर खातं उघडेन की," असं लोकांना वाटतं. तिथल्या बँका पत्त्याचा पुरावा मागतात. पत्त्याचा पुरावा भाडेकरार केल्यावर मिळतो. आणि घर भाड्याने देणारा आधी विचारतो, तुमचं इथल्या बँकेत खातं आहे का? हा घाण्याचा बैल काही दिवस फिरतोच. शिवाय इथे तुम्ही कितीही सचोटीने वागलेले असा, तिथे तुमची पत शून्यापासून सुरू होते. कर्ज, कार्ड, कशालाच तिथली बँक तुम्हाला ओळखत नाही. तोवर इथून नेलेल्या कार्डावरच सगळी मदार.

म्हणून मी तिला दोन कार्डं द्यायचं ठरवलं होतं. एक तिच्या खात्याचं डेबिट कार्ड. दुसरं क्रेडिट कार्ड. ते एरवी पगार पाहून मिळतं, पण ती नोकरी सोडून निघालेली. तेव्हा तिची मुदत ठेव तारण ठेवून तिच्यावर कार्ड काढलं. दोन्ही कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवायची, हेही सांगितलं. एक हरवलं तर दुसरं पोटाला घालतं.

पण कार्ड हातात आलं म्हणजे ते परदेशात चालतं असं नाही. तिकडचे व्यवहार मुद्दाम चालू करावे लागतात. पिन ठरवावा लागतो, नेटबँकिंग लागतं. या प्रत्येक पायरीवर ओटीपी येतो. ओटीपी म्हणजे एका वेळेपुरती किल्ली. ती ज्याच्या फोनवर येते, घराचा मालक तो. मग सातबारा कोणाच्याही नावावर असो.

वंदनाच्या घराची किल्ली बापूरावांच्या खिशात होती.

ती तिथे कशी गेली, ते शाखेतल्या जुन्या शिपायाने, महादू मामांनी सांगितलं. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी गावात टँकर आला, तळ्यात जनावरं उतरून चिखल तुडवू लागली. सोसायटीने चारा छावणी चालवली. मदतीचा पैसा खात्यावर जमा होणार म्हणून घरटी एक खातं काढायचं ठरलं. बापूरावांनी एका दिवसात अख्ख्या गावाचे फॉर्म भरले. मोबाईल नंबरचा रकाना आला. निम्म्या घरांत फोन नव्हता. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे नंबर दर हंगामाला बदलायचे. बापूरावांनी सगळ्या फॉर्मवर स्वतःचा नंबर टाकला आणि आमच्या शाखेने ते मुकाट घेतले. वंदनाच्या घरी सही करता येणारी ती एकटी, म्हणून खातं तिच्या नावावर निघालं. पुढे तिचा पगारही त्याच खात्यात येऊ लागला.

बापूरावांनी कोणाचा रुपया खाल्ला असं मी कधी ऐकलं नाही. ते इथे लिहिलंच पाहिजे. पण गावातल्या बाईला गॅसच्या सबसिडीचं काही बघायचं तरी ती डेअरीच्या ओट्यावर जाऊन बसे. बापूराव जेवायला गेले की ती बसून राही. बापूराव बीडला गेले की दुसऱ्या दिवशी येई.

"असंच चालतं इकडं," महादू मामा म्हणाले.

आमच्या पाटोद्याच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची. मोर्चाची, संपाची, पाण्याच्या हक्काची. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे "असंच चालतं" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. मी नंबर बदलण्याचा अर्ज काढला आणि मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला.

"बापूरावांना विचारलं का?"

"खातं वंदनाचं आहे, सर."

"ते मला दिसतंय. सोसायटीचं सगळं दुधाचं पेमेंट आपल्या शाखेतून होतं. ते तुम्हाला दिसतंय का? एक एनओसी घेऊन टाका त्यांची. दोन ओळींची."

मी अर्ज उलटा करून त्यांच्यासमोर ठेवला. "सर, यात एनओसीचा रकाना दाखवा, मी आत्ता जाऊन सही आणते."

साहेबांनी खरोखर शोधला. अर्ज, आधार, पासपोर्ट, खातेदार स्वतः हजर. एवढंच होतं. ते म्हणाले, "तुम्हाला गोड बोलता येत नाही का हो?" आणि अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. "सोमवारी बघू."

सोमवारी म्हणजे आणखी चार दिवस गेले. कोणी म्हणेल, नवीन खातं उघडायचं की. पण चार वर्षांचा पगार, मुदत ठेव, व्हिसासाठी दिलेली स्टेटमेंटं, सगळं याच खात्याला बांधलेलं होतं.

ते दिवस मी वाया जाऊ दिले नाहीत. वंदनाचा स्वतःचा फोन तपासला तर त्यातलं सिमकार्ड चुलतभावाच्या आधारवर घेतलेलं! उद्या सिम बंद पडलं तर आयर्लंडमधून भावाची मनधरणी करावी लागली असती. तिला घेऊन मी एसटी स्टँडजवळच्या दुकानात गेले. तिच्या आधारवर, तिच्या अंगठ्यावर नवं सिम घेतलं. परदेशात मेसेज यावा म्हणून रोमिंग इथेच चालू करून घेतलं. ते तिथे गेल्यावर करायला जाल तर फार डोकेदुखी होते.

सोमवारी अकरा वाजता बापूराव स्वतः शाखेत आले. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन. मागोमाग वंदना आणि तिची आई शेवंताबाई. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा सांगितला आणि मला बोलावलं.

"म्याडम," बापूराव हसत म्हणाले, "आमी काय गुन्हा केला? पोरीचा नंबर कावून बदलता? मी काय पळून चाललोय व्हय?"

"तुम्ही नाही, बापूराव. ती चालली आहे. आयर्लंडमध्ये दुकानात उभी राहून ती कार्ड लावणार आणि आकडे येणार केजला. तिकडे दुपार असेल तेव्हा इकडे तुमची रात्रीची जेवायची वेळ झालेली असेल."

"मग उचलीन की फोन! दुष्काळात आर्ध्या रात्री उठून कडबा वाटलाय मी या गावाला."

"मेंढरास्नी सोडून," शेवंताबाई म्हणाल्या.

छावणीत गाय-बैल घेत, मेंढरं घेत नसत. नियमच तसा होता. त्या वर्षी शेवंताबाई कळप घेऊन पार नदीच्या अंगाला गेल्या होत्या.

"अगं शेवंता, ते सरकारचं होतं, माझं न्हाई," बापूराव खालच्या आवाजात म्हणाले. मग पुन्हा माझ्याकडे वळले. "बरं, ही गेल्यावर हिच्या आईला पैसे लागले तर? तिला अंगठ्याबिगर काय येतंय?"

"लई येतंय," शेवंताबाई म्हणाल्या. "दोन कळप एकात मिसळू द्या. माझं मेंढरू कोणतं आन् दुसऱ्याचं कोणतं, अंधारात हात लावून सांगते."

महादू मामा चहा घेऊन आलेले, ते हसू दाबायला पाठमोरे झाले.

प्रश्न मात्र रास्त होता, म्हणून मी नीट उत्तर दिलं. माणूस नोकरीला परदेशी गेला की त्याचं इथलं साधं खातं तसंच ठेवता येत नाही. त्याचं एनआरओ खातं करावं लागतं. त्यात इथली कमाई राहते. तिथल्या पगारातून पाठवलेल्या पैशासाठी वेगळं एनआरई खातं असतं, त्यातला पैसा पुन्हा तिकडे मोकळेपणाने नेता येतो. आणि घरच्या माणसासाठी मँडेट असतं. खातेदार लेखी देतो की अमुक माणसाने माझ्या खात्यातून इथल्या खर्चाला पैसे काढावेत. शेवंताबाई शाखेत येतील, अंगठा देतील, पैसे नेतील. किल्ली वंदनाकडेच राहील. ते कागद मी तयार करून ठेवले होते. ती तिकडे पोचली, पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत आली, की पुढे पाठवायचे.

बापूरावांनी सगळं ऐकलं. पण मोठ्या माणसाला ऐकूनही हलता येत नाही, तसं झालं.

"नियम असंल म्याडम. पण गावचा इस्वास म्हणून काही हाय का न्हाई?"

"आहे ना. तुमच्या सोसायटीच्या खात्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?"

"माझ्या."

"तो माझ्या नंबरला जोडू या. मी रोज दहा ते पाच इथेच असते. मागाल तेव्हा वाचून दाखवीन. विश्वास आहे ना?"

बापूराव साहेबांकडे बघू लागले. साहेब चहाच्या कपाकडे बघू लागले.

"लई टोकतंय तुमचं बोलणं," बापूराव शेवटी म्हणाले. "करा काय करायचं ते. पण उद्या हिचे पैसे कोणी लांबवले तर बापूरावाच्या नावानं बोंब नको. तसं लिहून द्या."

मी तोंड उघडणार तेवढ्यात वंदनाने टेबलावरचा कोरा कागद ओढला. तिने एकच ओळ लिहिली, 'माझ्या खात्याला मी जबाबदार आहे.' खाली पूर्ण नाव, सही, तारीख. कागद बापूरावांपुढे सरकवला.

"घ्या काका."

बापूरावांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. साहेबांनी ड्रॉवर उघडून अर्ज काढला, मी त्यावर वंदनाच्या नव्या सिमचा नंबर घातला आणि त्यांनी सही केली.

नव्या नंबरावर लगेच सगळं चालत नाही. सुरक्षेसाठी काही काळ थांबावं लागतं. बुधवारी सकाळी वंदना पुन्हा आली. आम्ही बटण दाबलं. तिच्या हातातला फोन थरथरला.

"आला! आला, मॅडम! चार, सात..."

"थांब! मोठ्याने वाचू नकोस. कोणालाच सांगायचा नसतो. मलासुद्धा नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि आकडे स्वतः भरले. माझ्या नोकरीत खातेदाराने माझ्याकडे पाठ फिरवल्याचा इतका अभिमान मला दुसऱ्यांदा वाटलेला नाही. दुपारपर्यंत दोन्ही कार्डं परदेशासाठी चालू झाली. रोजच्या खर्चाची मर्यादा तिने स्वतः ठरवली.

डब्लिनला उतरल्यावर तिने पहिल्यांदा बसच्या तिकिटाला कार्ड लावलं. पैसे कापल्याचा मेसेज तिच्या फोनवर आला. त्याचा फोटो तिने मला पाठवला, खाली लिहिलं, 'चाललं.' तीन आठवड्यांत हॉस्पिटलच्या पत्रावर तिथलं खातं उघडलं. पुढे तिथल्या बँकेने तिला छोटंसं कार्ड दिलं. त्याचं बिल ती दर महिन्याला पूर्ण भरते. पत तशीच उभी राहते, तिथेही आणि इथेही.

इकडे वेगळंच झालं. वंदना गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात शाखेसमोर एक जीप थांबली. आतून अकरा बाया उतरल्या, प्रत्येकीच्या हातात आधारकार्ड आणि फोन. सगळ्यांना आपापला नंबर खात्याला लावायचा होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक जीप. जीप बापूरावांची होती आणि पुढच्या सीटवर तेच बसले होते. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी सांगितलं की गावातल्या महिलांच्या हाती त्यांची खाती देण्याचा निर्णय सोसायटीने घेतला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काम झालं की श्रेय कोणत्या जीपमधून गेलं हे बघत बसू नये.

वर्षअखेरीस साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात लिहिलं, 'कष्टाळू. परंतु नियमावर अडून बसतात.' वाचल्याची सही करायची असते, ती मी केली.

परदेशी निघालेला माणूस आला की मी पासपोर्ट, व्हिसा, तिकीट हे सगळं नंतर बघते. आधी विचारते, बँकेचा मेसेज कोणाच्या फोनवर येतो? दहापैकी बरेच जण म्हणतात, "घरच्यांच्या." मग मी अर्ज काढते.