वाशीच्या बाजारात आबा यायचे

लग्नानंतरचं पाचपरतावण आटोपून मी ओतूरच्या स्टँडवर कल्याणच्या एसटीत बसले, तेव्हा आबा टपावर कांद्याचं अर्धं पोतं चढवत होते. कंडक्टर कटकट करत होता आणि माझे वडील ऐकूच येत नसल्यासारखे दोरी आवळत होते. आई खिडकीशी उभी होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "लवकर पाळणा हलू दे, बाई. म्हंजे ह्यांना तुझ्याकडं यायला मोकळीक." आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न घेत नाही, पाणीसुद्धा नाही. मी लाजून मान खाली घातली. वर्षा-दोन वर्षांचा तर प्रश्न, असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

गावी राहिलेल्या माझ्या भावंडांना अजूनही वाटतं की मला मुंबईला दिली. नव्वदीच्या सुरुवातीची वसई त्यांनी पाहिली असती तर असं म्हटलं नसतं. वसई पूर्वेला भातखाचरांत उभी केलेली बिल्डिंग, टँकरचं पाणी आणि फुकटचे डास. ह्यांची नोकरी सातिवलीच्या एका लहानशा कारखान्यात होती. सकाळी जिन्यावरची दारं धडाधड लागायची, अख्खी बिल्डिंग कामाला जायची आणि मी फ्लॅटमध्ये एकटी उरायचे. दुपारी बोलायला एकच माणूस, उमेळ्याहून पाटीत केळी घेऊन येणारी बाई. ती मायेनंच विचारायची, "पोरं किती गं तुला?" दोन-तीन वर्षांनी मी तिलाही दार उघडेनाशी झाले.

या सगळ्यात माझी म्हणावी अशी एकच वाट होती, वाशीच्या कांदा बाजाराची. कांद्याच्या हंगामात खालच्या मजल्यावरच्या कदमवहिनींकडे फोन यायचा. आबा फोनवर ओरडूनच बोलायचे, "उद्या गाडी भरतोय." बाकी काही नाही. एवढ्यावर मी केस धुवायचे, साडी काढून ठेवायचे. सकाळी हायवेवर वसई फाट्याला उभं राहून ठाण्याची एसटी पकडायची. घोडबंदरच्या वळणांवर पोटात ढवळायचं म्हणून तोंडात आवळासुपारी. ठाण्याला उतरून वाशीची बस. शेजारची बाई विचारायची, "कुठे, माहेरी का?" मी हो म्हणायचे. खोटं नव्हतंच ते.

आबा रात्रभर ट्रकच्या केबिनमध्ये बसून आलेले असायचे. अडत्याच्या गाळ्यासमोर पोत्यांच्या थप्पीला टेकून बिडी ओढत बसलेले. मला पाहिलं की बिडी विझवायची आणि पहिला प्रश्न कायम तोच, "कुठनं कुठनं आलीस?" मी सगळा रस्ता सांगायचे, ते लक्ष देऊन ऐकायचे. मग आईनं बांधून दिलेलं फडकं सोडायचे. बाजरीची भाकरी, ठेचा, कधी तिळाची चटणी. भोवती हमालांचा आरडाओरडा, पायाखाली कांद्याची सालं, आणि मी पोत्यावर बसून आईच्या हातची भाकरी खायचे. वसईत दिवसदिवस न बोललेली मी तिथं इतकी बोलायचे, की आबा म्हणायचे, "घास तरी गीळ."

पहिल्या वर्षी मी हौसेनं डबा नेला होता. पुरणपोळ्या होत्या. आबांनी झाकण उघडून वास घेतला आणि डबा परत माझ्या मांडीवर ठेवला.

"तुझ्या चुलीवरचं न्हाय चालत, बये."

"चूल कुठाय, आबा? गॅस आहे आमच्याकडं."

"लई शानी!" ते हसले. "नातू हू दे. मग म्हैनाभर येऊन ऱ्हातो. काय वाढायचं ते वाढ."

मीही हसले. मग वर्षं जात राहिली. डॉक्टर झाले, नवस झाले, शेवटी ह्यांनीच "आता पुरे" म्हणून फायली माळ्यावर टाकल्या. आबा रस्ता विचारायचे, तब्येत विचारायचे, त्यापुढे काही विचारायचे नाहीत. फक्त मी बसमध्ये चढताना ते माझ्याकडे नीट बघून घ्यायचे, आणि मला तेवढंही सोसायचं नाही. बाप माझ्यासाठी थांबलाय आणि मला त्याला घरात घेता येत नाही, ही एकच गोष्ट पुढं दोन बस बदलून घरी येईपर्यंत मनात असायची.

पुढे मोबाइल आले. भाव फोनवर कळायला लागला, गाडीबरोबर माणूस जायची गरज उरली नाही. आबांचे गुडघेही बोलू लागले होते. एका हंगामात गाडी आली, आबा आले नाहीत. तरी मी गेले. त्यांच्या पोत्यांवर हिरव्या रंगाची खूण असायची, ती पोती मी शोधून काढली. एका हमालानं विचारलं, "काय पायजे, ताई?" मी म्हटलं, काही नाही. थोडा वेळ तिथं उभी राहिले आणि परतीच्या वाटेला लागले. येताना मनसोक्त रडले. ठाण्याच्या बसमध्ये रडणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही, ते बरं असतं.

माझी चाळिशी उलटून गेल्यावर, एका दुपारी बेल वाजली. दारात आबा. काठी, टोपी, घामानं भिजलेला सदरा. ना फोन, ना निरोप. गाडीबरोबर वाशीला आले होते आणि तिथून मी इतकी वर्षं सांगत आलेल्या रस्त्यानं उलटे वसईला पोचले होते. खुर्चीत बसले, पंख्याखाली जरा थंडावले आणि म्हणाले, "पानी दे."

मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. वाटलं, ते विसरले असतील. आठवण करून द्यावी का? त्यांनीच हात पुढं केला, पाणी घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "आता वाढ. भूक लागलीय."

ताटात गवारीची भाजी होती आणि सकाळच्या पोळ्या. इतकी वर्षं मी या जेवणाची वाट पाहिली होती. मनात कितीदा तरी त्यांच्यासाठी सणाचा स्वयंपाक रांधला होता. आबा खाली मांडी घालता येईना म्हणून टेबलाशी बसून जेवत होते, आणि समोर बसून मला आनंद होत होता, आणि त्याच वेळी आतून काहीतरी तुटत होतं. बापानं वाट बघणं सोडलं होतं. ते सांगायलाच तो एवढ्या लांब आला होता, आणि सांगितलं ते असं, माझ्या घरचं जेवून.

हात धुऊन त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या. गॅलरीत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घर चांगलं हाय गं. दोघांना पुष्कळ झालं."

तोवर गावी फोन केला की मी "वसईची खोली" म्हणायचे. घर म्हटलं की मला ओतूर आठवायचं. आता आबाही नाहीत, आणि घर मी यालाच म्हणते. आमचं, दोघांचं.