कसे पडलात, दाखवा!

जिवंत पेशंटवरून मन उडालेला डॉक्टर उभ्या बदलापुरात एकच झाला, आणि तो नेमका हेंद्रेपाड्यात, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्याला. तसे आमचे डॉक्टर वर्षानुवर्षं सर्दी-खोकल्याचे. पण मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं त्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर, त्यांना शिकायची हुक्की आली. प्रॅक्टिस सांभाळून पोस्टाने करायचा न्यायवैद्यकाचा पदव्युत्तर कोर्स. म्हणजे मुडदे, जखमा, विषं आणि कोर्टातल्या साक्षी! पुस्तकांचं पार्सल आलं आणि आम्हा जिवंतांचे हाल सुरू झाले.

उल्हासनगरहून एक सिंधी शेठ औषधाला यायचे. त्यांच्या हनुवटीवरचा जुना व्रण भिंगातून बघत डॉक्टर इतका वेळ पुटपुटले की शेठनी हात जोडले. "डाक्टर साब, मेरे को खाली खाँसी है. मैं मरा नहीं हूँ अभी!" पण खरी दहशत होती ती पडून आलेल्यांना. "कसे पडलात? दाखवा!" म्हणजे अक्षरशः पडून दाखवायचं. एकदा मी कोपर सोलवटून घेऊन गेलो, जिन्यावरून घसरलो म्हणालो. डॉक्टरांनी माझे तळहात उताणे केले. "घसरणारा माणूस हात टेकतो. तुमचे तळहात कोरे. हातात काहीतरी घट्ट धरलं होतंत. डबा?" बायको शेजारीच उभी. मला डायबेटिस, आणि बेसनाचे लाडू माळ्यावर! त्या दिवसापासून आमच्या घरी डब्याला कुलूप आहे.

दवाखान्यातल्या सिस्टर अंबरनाथच्या बुवापाड्यातून यायच्या. कामाला चोख, बोलायला कमी, पण बाई सारखी पडायची. "मोरीत घसरले, डॉक्टर." डॉक्टर "जपून हो, सिस्टर" म्हणून मलम द्यायचे आणि आम्ही "सिस्टरना चष्मा करा" म्हणून हसायचो.

जखमांच्या पेपरच्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना 'ऑल द बेस्ट' म्हणायला खाली उतरलो. ते बॅग घेऊन निघालेच होते. सिस्टर टेबल पुसत होत्या, बाही वर सरकलेली, हातावर निळेकाळे वळ.

"मोरीत..." त्यांनी सुरुवात केली.

"दाखवा," डॉक्टर सवयीने म्हणाले. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांचे तळहात उताणे केले. कोरे. मग स्वतःचाच हात त्यांनी डोक्यावर आडवा धरून बघितला, मार चुकवताना धरतो तसा, आणि परत त्या वळांकडे बघितलं.

"हे पडल्याचं नाही, सिस्टर. हे अडवल्याचं आहे."

"पडले म्हणावं लागतं, डॉक्टर. नवरा आहे."

डॉक्टर खुर्चीत बसले. "आणि मी गाढव मलम देत राहिलो!" मग म्हणाले, "तुमच्या मनात काय आहे?"

"आज परत नाही जायचं मला तिथे."

बॅग तिथेच राहिली. दोघं चौकीवर गेले. डॉक्टरांनी प्रत्येक वळ इतका समजावून सांगितला म्हणे, की हवालदार लिहून लिहून घामाघूम झाला. सिस्टर मांजर्लीला भावाकडे गेल्या त्या कायमच्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला हजर.

पेपर अर्थातच बुडाला. डॉक्टरांनी परीक्षा पुन्हा दिलीच नाही. मी खिजवायचो, "नापास झालात की हो!" "बसलोच नाही, तर नापास कसला?" म्हणत ते शांतपणे माझी शुगर तपासायचे.

आता दवाखाना बंद आहे आणि डॉक्टरांचे हात थरथरतात. परवा ते मोरीत पडले. मी त्यांना उठवून कॉटवर बसवलं आणि सिस्टरना फोन लावला. त्या मांजर्लीहून धापा टाकत आल्या.

"घसरलो हो, सिस्टर."

"कसे पडलात? दाखवा."

मी हसलो, डॉक्टरही हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही तळहात उताणे केले आणि नीट निरखले. सोलवटलेले होते.

"हो, पडलातच," सिस्टर म्हणाल्या, आणि मग त्यांनी मलमाची ट्यूब उघडली.