तळ्याचा समुद्र

नव्वदच्या दशकात गडचिरोलीला नोकरीला असताना मला फोटोग्राफीची बाधा झाली. त्यातही ब्लॅक अँड व्हाइटची, कारण रंगीत फोटो काय कुणीही काढतो, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. एका मासिकात धूसर समुद्र आणि काठावर पाठमोरा एकटाच माणूस असा फोटो पाहिला आणि तस्साच काढून नागपूरच्या स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. आता समुद्र कुठे आणि आम्ही कुठे. दुधाची तहान ताकावर म्हणून मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या एका गावाचं तळं गाठलं. हिवाळ्यात सकाळी धुकं दाटलं की तिथला पलीकडचा काठ दिसत नसे. ऊन येईपर्यंत समुद्र आपलाच.

माणूस म्हणून बायकोला नेलं. काळी शाल पांघरून पाण्याकडे तोंड करायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, अशी तिला ताकीद दिली आणि मी तळ्याच्या पाळीवर चढलो. फोकस लावण्यात आणि स्वतःवर खूश होण्यात बराच वेळ गेला.

तेवढ्यात मासे धरायला निघालेल्या बायका आल्या. त्या गावची रीत अशी, की बाई पाण्याकडे तोंड करून एकटी, गुमान उभी दिसली तर तिला तशी सोडून पुढे जायचं नाही. त्यांनी टोपल्या खाली ठेवून बायकोभोवती कडं केलं. एका म्हातारीने तिचा हात घट्ट धरला.

"काऊन उभी आहेस वं बाई इथी? नवऱ्यानं मारलं का तुले?"

बायको माझी ताकीद पाळत होती, त्यामुळे संशय पक्का झाला.

मी "फोटो, फोटो" करत खाली धावलो. म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"फोटो काढून राह्यले, मंग पाठ काऊन, भाऊ? तोंड का वाईट आहे बाईचं?"

"जरा बाजूला व्हा. मला ती एकटी हवी आहे," मी विनवलं.

"एकटी नाई सोडत आमी."

बायकोला हसू आवरेना. त्या तिला चहा पाजायला घरी घेऊन गेल्या.

धुकं विरायला लागलं होतं. शेवटी कॅमेरा पाळीवर ठेवून टायमर लावला आणि धावत जाऊन मीच पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. असं कितीतरी वेळा केलं. मागून पाळीवरून आणखी बायका गेल्या, त्यांच्या गप्पा मला ऐकू येत होत्या. एकीनेही थांबून विचारलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटलं. फोटो मात्र हवा तसा आला. काठावर एकटा माणूस, आजूबाजूला चिटपाखरू नाही.