रस्त्यापलीकडून ऐकणारे मास्तर

मास्तर आवाज बनवायचे खोलीत आणि ऐकायचे रस्त्यापलीकडे. लॅपटॉपवर एकच सूर वाजत ठेवायचा, स्पीकर खिडकीकडे वळवायचा, पायात चपला अडकवायच्या आणि खोपोलीतल्या शिळफाट्याचा तो गजबजलेला रस्ता ओलांडून रझियाखालांच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं. मधून ट्रक गेला तरी सूर ओळखू आला, तर पास. नाही आला तर अर्धा चहा तसाच टाकून मास्तर परत. "हळद काय खोलीत असते का गं?" ते मला विचारायचे. "चार घरं सोडून बसलेल्या म्हातारीचा पाय हलला पायजे."

आमची बेंजो पार्टी लग्नाच्या हळदीला वाजवायची आणि मास्तर तिचे मालक. मी कर्जतची, कॉलेज संपल्यावर महिनाभर कीबोर्ड वाजवायला म्हणून आले आणि तिथेच रमले. बाकीच्या पार्ट्या इंटरनेटवरचे तयार आवाज वापरत, त्यामुळे खोपोलीपासून नेरळपर्यंत सगळ्या हळदी सारख्याच वाजत. मास्तरांना ते सोसेना. पन्नाशी उलटल्यावर या गृहस्थाने व्हिडिओ बघून बघून लॅपटॉपमधला सिंथ, म्हणजे सूर घडवायचं सॉफ्टवेअर, शिकून घेतला, आणि शिकल्याबरोबर मला शिकवायला बसले.

त्या सिंथमध्ये ध्वनिलहरींची चित्रं एकामागे एक लावलेली असतात. बटण फिरवलं की एका लहरीवरून पुढच्या लहरीवर जातो आणि आवाजाचा रंग बदलतो. मास्तर त्याला 'चवड' म्हणायचे, भाकऱ्यांची असते तशी. "आधी सगळी चवड हाताने उलटून बघ," हा त्यांचा पहिला धडा. मी उत्साहाने दुसरा आवाज जोडायला गेले की ते हातच धरायचे. एका लहरीत जीव आहे की नाही ते कळल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही. मग ती चवड आपोआप हळूहळू सरकत राहील अशी सोय करायची, पण इतकी हळू की ऐकणाऱ्याला कळू नये, नुसतं बरं वाटावं.

आवाज जाड करायला एकाच सुराच्या सात प्रती लावायची सोय असते. नवशिक्या माणसाला तिचा मोह होतोच, मलाही झाला. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सात जण नाचले म्हणून नाच मोठा होत नाय. धूळ मोठी होते." आणि आवाजाला घुमवणारा रिव्हर्ब म्हणजे त्यांच्या मते पावडर, आधी तोंड धुवायचं, मग लावायची.

बनवलेल्या आवाजांना ते नावंही अशी देत की भर कार्यक्रमात मला हसू फुटायचं. उशिरा सुरू होऊन जाता न जाणाऱ्या आवाजाचं नाव होतं 'लग्नातला काका'. दुसरा एक हळूच कानाशी येऊन मागेच रेंगाळायचा, तो 'शेजारीण'. हळदीत मास्तरांनी मागे वळून "काका आण" म्हटलं की नवरदेवाचे खरे काका दचकत.

मग एका वर्षी लग्नसराईच्या तोंडावर मास्तरांनी एक नवा आवाज काढला. त्यांना त्याला धार हवी होती. ते पलीकडे जाऊन ऐकत, परत येऊन तीक्ष्ण सूर आत सोडणारा फिल्टर आणखी उघडत, पुन्हा जात. दोन हळदींत तो वाजलाही. मला तो आवाज सुईसारखा टोचत होता, पण मास्तर म्हणतात म्हणजे असेल काहीतरी, म्हणून मी गप्प. शेवटी एके दुपारी रझियाखालाच, हातात किटली तशीच, रस्ता ओलांडून खोलीत आल्या. "मास्तर, ह्यो आवाज दातात जातो," त्या म्हणाल्या. "तुमाला लागत नाय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, की लागतो. मग त्यांनी फिल्टर थोडा थोडा फिरवत मला विचारायला सुरुवात केली, आत्ता? आणि आत्ता? मला प्रत्येक वेळी फरक ऐकू येत होता, त्यांना एकदाही नाही. त्यांच्या कानाचा वरचा मजला, उंच सुरांचा, कधी रिकामा झाला, त्यांनाच कळलं नव्हतं. त्यांनी लॅपटॉप मिटला.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. मास्तर खोलीत येत, बेंजोच्या तारा पुसत, आणि लॅपटॉपकडे पाठ करून बसत. पार्टीतल्या पोरांनी तयार आवाज आणून वाजवले, त्यालाही काही बोलले नाहीत. मला तर रडूच यायचं. मग एका सकाळी आले ते दारातूनच म्हणाले, "खालचं माझं, वरचं तुझं. चपला घाल."

तेव्हापासून रस्ता मी ओलांडायचे. मास्तर स्पीकरवर तळवा ठेवून खालचा सूर पारखायचे आणि मी टपरीवरून फोनवर वरचा सांगायचे. आमचे सगळ्यात चांगले आवाज त्या दोन वर्षांतले. मोहोपाड्याच्या एका हळदीत तर आचाऱ्यानेच भात सोडून फेर धरला, आणि भात लागला.

अशात मला पुण्याहून नोकरी आली, मोबाइलच्या खेळांसाठी आवाज बनवायची. मी मास्तरांना सांगितलंच नाही. मी गेले तर त्यांचं वरचं कोण ऐकणार? पण मी टपरीवर फोनवर नकार देत होते आणि खालांचे कान शाबूत होते.

आठवड्याभराने मास्तर कानात मशीन घालून आले. लेकीने घेऊन दिलं म्हणाले. मला समोर बसवलं आणि तोच टोचरा आवाज लावला. माझा चेहरा आक्रसला, तसा त्यांचाही आक्रसला, आणि मग ते पोट धरून हसले. "ह्यावर लोकं नाचली? माझ्यावर जीवच असणार त्यांचा." मग डोळे पुसत म्हणाले, "आता मला सगळं ऐकू येतं. तुझं काम संपलं हितलं. जा." मला जरा लागलं, पण मोकळंही वाटलं. मी पुण्याला पुन्हा फोन करून होकार दिला आणि गेले.

यंदा गणपतीत आले तेव्हा शिळफाट्याला उतरले आणि बघतच राहिले. रझियाखाला टपरीबाहेर उभ्या राहून एक हात वर धरून हळूहळू खाली आणत होत्या, थेट वाहतूक पोलिसासारख्या. समोर खिडकीत मास्तर त्यांच्याकडे बघत बटण फिरवत होते. हात थांबला, बटणही थांबलं.

मी वर जाऊन मशीन कुठे आहे विचारलं. ते खणात पडलं होतं.

"शिट्टी मारतं गं. पयल्या दिवसापासून."

"मग त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं ते?"

"मी कुठं ऐकत होतो? तुझं तोंड बघत होतो. तुला लागलं की तुझा डावा डोळा मिटतो."

मास्तरांनी स्पीकरवर तळवा ठेवला आणि माझ्या चपलांकडे मान वळवली. मी खाली उतरून रस्ता ओलांडला. खालांनी माझ्या हातात चहा दिला आणि उजवा हात खाली घेतला. "घे," त्या म्हणाल्या, "आता हात वर तू धर, माजा खांदा भरलाय."