नसलेला पू

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासत असे. थोरला भाऊ भीमपूरकडे शिक्षक होता. वडील सालदार, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले. घरात पगार आणणारा भाऊ पहिला. काही वर्षांत त्याला पोट सुटले. आई ते कौतुकाने शेजारणींना दाखवी. आमच्या घरात तोवर कोणालाही पोट नव्हते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्याचा रक्तदाब चढला. पाठोपाठ लघवीत साखर आली. डॉक्टरांनी ही दोन निराळी दुखणी मानली. पोटाला कोणी दुखणे मानलेच नाही.

दर सहा महिन्यांनी तो माझ्याकडे येऊन रक्त देई. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पांढऱ्या पेशी दर वेळी वाजवीपेक्षा जास्त भरत. फार नव्हे, पण कधी उतरत नसत. ताप नाही, जखम नाही, खोकला नाही. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्या वाढल्या की शत्रू आत शिरला आहे, कुठेतरी पू आहे, असे आम्हाला शिकवले होते. डॉक्टरांनी छाती पाहिली, कान पाहिले आणि अखेर दातांवर संशय घेतला. संशय त्यांचा होता. भावाला आदिलाबादला दातांच्या डॉक्टरकडे नेणारा मी.

तो वाटेत म्हणाला, "माहे दात दुखून नाही राह्यले."

"दुखत नाहीत म्हणूनच पू लपून आहे, दादा," मी म्हणालो.

"मास्तराचे दातच काढले तं पोट्टे भेतीन कोनाले?" असे म्हणून तो स्वतःच हसला.

तीन खेपांत त्याचे अकरा दात गेले. त्यांत जवळजवळ सर्व दाढा. पहिल्या दाताचे मूळ स्वच्छ निघाले. डॉक्टरांनी तो चिमट्यात धरून मला दाखवला आणि हिंदीत सांगितले की यात काही नाही. मी त्यांना शेजारचा काढून पाहायला सांगितले. त्यांनी तो पाहिला. पुढचेही मी असेच पाहायला लावले. पू एकाही मुळाशी निघाला नाही.

पेशी पूर्वीइतक्याच राहिल्या. कवळी त्याला बसली नाही. ज्वारीची भाकरी सुटली. दोन्ही वेळा मऊ भात आणि पातळ वरण. शाळेतले तेलुगू सहकारी भातच खात, त्यामुळे त्याला त्यात कमीपणा वाटला नाही, उलट बरेच वाटले असावे. साखर वाढत गेली. पोटही.

दोन हजार पाचच्या सुमारास मला प्रशिक्षणासाठी हैदराबादला पाठवले. तिथे एका अध्यापकांनी समजावले की पोटातील चरबी हा निरुपद्रवी साठा नव्हे. फुगलेल्या चरबीत हेच पहारेकरी शिरतात आणि शत्रू नसतानाही लढत राहतात. त्या धुमसण्यात शरीर साखर उतरवणाऱ्या रसाला जुमानत नाही, रक्तवाहिन्याही नासतात. पोट, साखर, रक्तदाब ही एकाच दुखण्याची अंगे. वर्गातील इतर जण लिहून घेत होते. मला लिहिता आले नाही.

परतताना मी भीमपूरला गेलो. भाऊ जेवत होता. मी त्याला सगळे सांगितले: जंतू नव्हता, पू नव्हता, जे होते ते पोटात होते. तो घास गिळेपर्यंत थांबला.

"मंग दात काऊन काढले?"

मी म्हणालो की तेव्हा आम्हाला एवढेच ठाऊक होते. हे खरे होते. पण पहिले मूळ स्वच्छ निघाले तेव्हा थांबता आले असते, हेही खरे होते. ते मी बोललो नाही. त्याने ताटात पाणी ओतले आणि तो उठला.

पुढे तो आदिलाबादच्या एका खाजगी तपासणी केंद्रात रक्त देऊ लागला. इचोड्यापर्यंतचा प्रवास झेपत नाही, असे वहिनी म्हणाल्या. तिथल्या चिठ्ठ्या त्याने मला कधी दाखवल्या नाहीत. मीही मागितल्या नाहीत.